संगणक बदलण्याआधी डिस्क बदलून पाहू या





आपल्या शाळेच्या संगणक कक्षात २४ संगणक आहेत आणि ते सर्व २०१४ साली घेतलेले आहेत. ते फार हळू चालतात अशी तक्रार मुले करतात, शिक्षक करतात आणि गेल्या पालक-सभेत पालकांनीही केली. तक्रार अगदी रास्त आहे. तिच्यावर उपाय म्हणून विश्वस्त मंडळासमोर एक प्रस्ताव आलेला आहे. सर्व जुने संगणक काढून टाकावेत, त्यांच्या जागी नवे घ्यावेत आणि त्यासाठी पुढील सत्रात प्रत्येक विद्यार्थ्यामागे १,२०० रुपये ‘संगणक निधी’ घ्यावा, असा तो प्रस्ताव आहे. प्रस्ताव मांडणाऱ्यांच्या मनात मुलांचे भलेच आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. तरीपण त्यावर निर्णय होण्याआधी आमचे मत या पानावरून सर्वांसमोर ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते.

आमचे मत थोडक्यात असे आहे. आधी निदान करावे, मग दुरुस्ती करावी आणि त्यानंतर जे उरेल त्यासाठीच खरेदी करावी. आमच्या अंदाजाप्रमाणे यांतील बहुतेक संगणक एक भाग बदलला की आणखी काही वर्षे मुलांच्या कामाला येतील. त्या भागाचे नाव सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी. आमचे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झालेले आहे आणि संगणकाशी आमची ओळख नोकरीत आल्यावरची आहे. म्हणून हा विषय तज्ज्ञांच्या भाषेत मांडण्याचा आव न आणता, आम्हाला जसा समजला तसाच तो सांगतो.

वेळ कुठे जातो?

आपली एक तासिका ४० मिनिटांची असते. बटण दाबल्यापासून मुलाला पहिले अक्षर टाइप करता येईपर्यंत सरासरी सात मिनिटे जातात, हे आम्ही घड्याळ लावून मोजलेले आहे. संगणकाच्या तासिका सलग नसतात, मधल्या वेळात यंत्रे बंद करावी लागतात, त्यामुळे ही सात मिनिटे जवळजवळ प्रत्येक वेळी द्यावी लागतात. एका वर्गाला वर्षभरात संगणकाच्या सुमारे ६० तासिका मिळतात. साठ गुणिले सात म्हणजे ४२० मिनिटे झाली. याचा अर्थ प्रत्येक वर्गाच्या साडेदहा तासिका नुसते गोल फिरणारे चिन्ह बघण्यात जातात.

वेळ कमी पडला की कात्री कुठे लागते तेही सांगायला हवे. मंडळाने नेमून दिलेला अभ्यासक्रम पूर्ण करावाच लागतो. मराठी टंकलेखन त्या अभ्यासक्रमात नाही. ते आपण आपल्या भाषेच्या आस्थेने ठेवलेले आहे, म्हणून पहिली कात्री त्यालाच लागते. इंदूरमध्ये आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो. घरात मराठी बोलतो आणि दाराबाहेर पडलो की हिंदी. आपली मुले ‘शाळा’ लिहिताना ‘शाला’ टाइप करतात, कारण ‘ळ’ कुठे आहे हे त्यांच्या बोटांना माहीत नसते. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ल’ च्याच कळीवर शिफ्ट दाबले की ‘ळ’ उमटतो आणि ‘र’ च्या कळीवर शिफ्ट दाबले की ‘वाऱ्या’तला आणि ‘दऱ्यां’तला ‘ऱ’ मिळतो. हे शिकायला दोन-तीन तासिका लागतात. त्या मिळत नाहीत, ही आमची खरी खंत आहे. पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्टही सांगतो. इनस्क्रिप्टचा कळफलक हिंदी आणि मराठीला सारखाच असतो. मध्य प्रदेश शासनाच्या सीपीसीटी परीक्षेत हिंदी टंकलेखनासाठी जे पर्याय आहेत, त्यांत इनस्क्रिप्ट आहे. तेव्हा मराठीसाठी केलेला सराव मुलाला नोकरीच्या वेळीही उपयोगी पडतो.

म्हणून हा प्रश्न आम्ही यंत्रांचा कमी आणि तासिकांचा जास्त मानतो.

यंत्र हळू का चालते?

संगणकात मुख्य काम तीन ठिकाणी होते. प्रोसेसर विचार करतो. रॅम म्हणजे त्याच्यासमोरचे मेज, हाताशी लागणारे कागद त्यावर असतात. हार्ड डिस्क म्हणजे कपाट, तिथे सगळे साठवलेले असते. कल्पना करा की एक हुशार विद्यार्थी वर्गात बसलेला आहे, पण त्याला लागणारे प्रत्येक पान ग्रंथालयातून आणावे लागते. आणणारा शिपाई एकच आहे आणि तो एका वेळी एकच पान आणतो. मुलगा कितीही हुशार असला तरी त्याचा सगळा वेळ शिपायाची वाट पाहण्यात जाईल. आपल्या संगणकांचे नेमके असेच झालेले आहे.

हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या फिरत असतात आणि एक छोटासा दांडा त्यांच्यावरून पुढे-मागे सरकत माहिती वाचतो. अशी पहिली यंत्रणा आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत असत. पुढे आकार लहान झाला, साठवण लाखपटीने वाढली, पण फिरणारी तबकडी आणि सरकणारा दांडा हे मूळ तत्त्व तसेच राहिले.

आता थोडे गणित करू. नववी-दहावीच्या मुलांनी ते स्वतः पडताळून पाहावे. आपल्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० वेळा. एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा दांड्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चार मिलिसेकंदांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. दांड्याला योग्य ठिकाणी सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. एकूण १२-१३ मिलिसेकंद झाले. याचा अर्थ विखुरलेल्या ठिकाणची माहिती आणायची असेल तर डिस्क सेकंदाला सुमारे ८० वेळाच जाऊन येऊ शकते. आणि संगणक सुरू होताना त्याला हजारो लहान-लहान फाइली निरनिराळ्या जागांवरून उचलाव्या लागतात. सात मिनिटे का लागतात, याचे उत्तर या गणितात आहे.

एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तिच्यात फ्लॅश मेमरीच्या चिप असतात. पेन ड्राइव्हमध्ये आणि आपल्या मोबाइलमध्ये असते, त्याच जातीची ही मेमरी. जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंता फुजिओ मासुओका यांनी ती १९८० च्या दशकात शोधून काढली आणि आज एसएसडीत वापरला जाणारा नँड हा प्रकार १९८७ साली जगासमोर आला. फ्लॅशमध्ये कोणतीही जागा गाठायला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. हार्ड डिस्कच्या तुलनेत हा वेग शंभरपटीहून अधिक आहे. मोठी सलग फाइल वाचायची असेल, तर हार्ड डिस्क सेकंदाला १०० ते १५० एमबी देते आणि साधी सॅटा एसएसडी ५०० एमबीपर्यंत जाते. तिथे फरक चार-पाचपट आहे. खरा लाभ लहान-लहान फाइली शोधण्यात होतो आणि शाळेचे काम बहुतेक तसेच असते.

आमच्या संगणक शिक्षकांनी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका यंत्रावर हा प्रयोग करून पाहिला. प्रोसेसर तोच, रॅम तीच, पडदा तोच ठेवला आणि फक्त हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी बसवली. सात मिनिटांच्या जागी ५० सेकंद लागले. मुलांनी त्या यंत्राचे नाव ‘राजधानी’ ठेवले आहे आणि त्यावर बसायला रांग लागते.

आधी निदान

तरीही एका यंत्रावरून सगळ्यांचा निर्णय करू नये. ताप आला म्हणून प्रत्येकाला एकच औषध कोणताही वैद्य देत नाही. प्रत्येक संगणकाची तपासणी करावी लागेल आणि ती फारशी अवघड नाही. घरी जुना संगणक असेल तर पालकांनाही ती करता येईल.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळी एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती टक्के कामात आहेत हे दिसते. यंत्र रखडत असताना डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर १५-२० टक्के दाखवत असेल, तर अडथळा डिस्कचा आहे आणि एसएसडीचा हमखास उपयोग होईल. मेमरी ९० टक्क्यांवर असेल, तर रॅम अपुरी आहे. रॅम भरली की संगणक डिस्कचाच काही भाग रॅमसारखा वापरू लागतो आणि मग हळूपणा दुप्पट होतो. आपल्या यंत्रांत ४ जीबी रॅम आहे. ती ८ जीबी करावी लागेल. आपल्या यंत्रांना डीडीआर३ प्रकारची रॅम लागते, डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही, हे खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे. आणि प्रोसेसरच सतत १०० टक्क्यांवर असेल, तर मात्र एसएसडी लावून विशेष काही साधणार नाही.

एसएसडी काय करू शकत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तिने इंटरनेटचा वेग वाढत नाही. प्रिंटर लवकर छापू लागत नाही. तडा गेलेला पडदा, खराब झालेला वीजपुरवठा, मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर, यांपैकी कशावरही तो उपाय नाही. अशा दोन-तीन यंत्रांवर पैसा घालणे म्हणजे मोडकळीला आलेल्या भिंतीला रंग देणे. ती यंत्रे काढून टाकावीत आणि त्यांचे चांगले भाग इतरांसाठी ठेवावेत.

विंडोजचा प्रश्न

आमच्या मताविरुद्ध जो सर्वांत वजनदार मुद्दा आहे, तो एका विश्वस्तांनी मांडला आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आपल्या यंत्रांवर विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. म्हणजे सुरक्षेची नवी दुरुस्ती आता नेहमीसारखी मोफत मिळत राहणार नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे लागतात. आपले प्रोसेसर चौथ्या पिढीचे आहेत. एसएसडी लावली तरी ते त्या यादीत बसत नाहीत. ‘मग मेलेल्या घोड्याला नवी नाल कशाला?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न बरोबर आहे, पण त्याचे उत्तर आहे. लॅबमधील मुलांना लेखन, गणनपत्रक, चित्र, थोडे प्रोग्रामिंग आणि इंटरनेटवरून माहिती शोधणे एवढे शिकायचे असते. हे सारे लिनक्सवर होते आणि लिनक्सला परवान्याचे पैसे लागत नाहीत. केरळ राज्याच्या शासकीय शाळांमध्ये मुक्त प्रणालीवर संगणक शिकवण्याची पद्धत बरीच वर्षे रुळलेली आहे आणि लाखो मुले तिच्यावर शिकून बाहेर पडली आहेत. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने बॉस नावाची लिनक्स प्रणाली भारतीय भाषांसह तयार केलेली आहे. इनस्क्रिप्ट कळफलक आणि युनिकोड मराठी या सर्व ठिकाणी उपलब्ध आहे. शिक्षकांना सुरुवातीला थोडे परके वाटेल, हे आम्ही मानतो. त्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत चार दिवसांचे घरचेच शिबिर घेता येईल.

ऑफिसचे मात्र वेगळे आहे. तिथल्या दोन संगणकांवर मुलांचे जन्मदाखले, गुणपत्रके आणि शुल्काचे हिशेब आहेत. पाठिंबा संपलेल्या प्रणालीवर इंटरनेटला जोडून ही माहिती ठेवणे आम्हाला मान्य नाही. ते दोन संगणक नवेच घ्यावेत, असे आम्ही स्वतःहून सुचवतो. काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये, याचा विवेक ठेवलाच पाहिजे.

पैशाची गोष्ट

एसएसडीचा भाव आम्ही येथे मुद्दाम छापत नाही, कारण तो स्थिर नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांसाठी मेमरी-चिपांची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीपासून त्यांचे भाव जगभर चढले. त्याचा फटका एसएसडीला बसला, तसा नव्या संगणकालाही बसला, कारण तीच मेमरी त्याच्यातही असते. एवढे मात्र कोणताही दुकानदार मान्य करेल की २४० किंवा २५६ जीबीची साधी एसएसडी आणि ४ जीबी जास्तीची रॅम ही दोन्ही मिळून नव्या संगणकाच्या किमतीचा एक लहान हिस्साच होतात. सिल्व्हर मॉलमधल्या किंवा इतर ठिकाणच्या तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्यावे, मंडळासमोर ठेवावे आणि मगच निधीचा आकडा ठरवावा. एका विक्रेत्याने आमचा कक्ष न पाहताच ‘सगळे बदला’ असा सल्ला दिला होता. निदानाआधी दिलेला सल्ला आम्ही सल्ला मानत नाही.

खरेदीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. पक्के बिल आणि कंपनीची तीन ते पाच वर्षांची हमी असल्याशिवाय एसएसडी घेऊ नये. अविश्वसनीय वाटेल इतक्या स्वस्तात भली मोठी साठवण मिळत असेल, तर तिथे बहुधा काहीतरी खोटे असते. आणि आपल्याला ५०० जीबीची गरजही नाही. मुलांच्या फाइली त्यांच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये ऑफिसच्या बॅकअप डिस्कवर राहू शकतात.

‘एसएसडी झिजते म्हणे’ अशी शंका एका पालकांनी विचारली होती. खरे आहे, फ्लॅश मेमरीवर लिहिण्याला मर्यादा असते. पण हिशेब बघा. या आकाराच्या चांगल्या एसएसडीवर कंपन्या साधारण १०० टीबी किंवा त्याहून थोड्या अधिक लेखनाची हमी देतात. आपल्या लॅबच्या यंत्रावर रोज १० जीबी लिहिले गेले असे धरले, तरी १०० टीबी व्हायला १०,००० दिवस लागतील, म्हणजे २७ वर्षे. त्याआधी यंत्राचे इतर भागच थकतील. धोका निराळा आहे. हार्ड डिस्क बिघडण्याआधी पुष्कळदा कुरकुर करते, आवाज करते. एसएसडी कधीकधी काही न सांगता बंद पडते. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत ठेवण्याची शिस्त आधी लावावी लागेल आणि ती शिस्त मुलांना आयुष्यभर पुरेल.

ज्या घरांतून दोन-दोन, तीन-तीन मुले आपल्या शाळेत येतात, त्यांच्यासाठी १,२०० रुपयांचे २,४०० आणि ३,६०० होतात. कोण किती सहज देऊ शकतो हे शुल्काच्या खिडकीवर बसणाऱ्याला ठाऊक असते. आपली संस्था ज्यांनी उभी केली, त्यांनी इथल्या मराठी घरांतून थोडी-थोडी वर्गणी गोळा करूनच ती उभी केली. पालकांकडून मागितलेल्या प्रत्येक रुपयाचे कारण आपल्याला देता आले पाहिजे.

काढलेल्या डिस्कचे काय?

येथे एक गंभीर गोष्ट आहे. जुन्या डिस्क काढून सरळ अटालेवाल्याला देऊन चालणार नाही. फाइल पुसली किंवा डिस्क साधी फॉरमॅट केली, तरी आतली माहिती बरीचशी तशीच राहते आणि जाणकार माणूस ती परत काढू शकतो. मुलांची नावे, पत्ते, पालकांचे दूरध्वनी क्रमांक असलेली डिस्क परक्या हाती जाणे योग्य नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीबद्दल विशेष काळजी घ्यायला सांगितलेले आहेच. म्हणून चांगल्या स्थितीतील डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्ये लिहून ती पूर्ण पुसावी आणि बाहेरील डबीत बसवून बॅकअपसाठी वापरावी. बिघडलेल्या डिस्कच्या तबकड्यांना आरपार भोके पाडून मगच ती नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी.

ई-कचऱ्याचा विचार इंदूरकरांना नवा सांगायला नको. स्वच्छ सर्वेक्षणात आपले शहर २०१७ पासून सलग सात वेळा देशात पहिले आले, ते घराघरांत कचरा वेगळा करण्याच्या सवयीमुळे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांचीच रीतसर गोळा होऊन पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. चालू शकणारे वीस-बावीस संगणक त्या ढिगात टाकून आपण मुलांना ओला-सुका कचरा कोणत्या तोंडाने शिकवणार?

‘पण दिसायला कसे दिसेल?’

हा आक्षेप उघडपणे कोणी घेत नाही, पण तो मनात असतो. प्रवेशासाठी येणारे पालक लॅब बघतात. शेजारच्या शाळांत सडपातळ, चमकदार यंत्रे आहेत आणि आपल्याकडे जाड काळे डबे. हा विचार आम्ही हसण्यावारी नेत नाही. पटसंख्येची काळजी आम्हालाही आहे. पण पालकांना आमचे निवेदन आहे की लॅब बघायला याल तेव्हा तासिका सुरू असताना या. मुलांचे हात कळफलकावर आहेत की हनुवटीखाली, ते बघा. आपल्या मुलाला त्या ४० मिनिटांत किती काम करता आले, ते त्यालाच विचारा.

इंदूरला अहिल्याबाईंचे नाव घेतल्यावाचून आपले कोणतेही भाषण पूर्ण होत नाही. त्यांनी देशभर नवी मंदिरे, घाट आणि विहिरी बांधल्या, हे मुले निबंधात लिहितात. त्याच यादीत जीर्णोद्धारही बरेच आहेत, हे मात्र लिहायचे राहून जाते. जे उभे आहे ते सांभाळून कामात आणणे, हाही आपल्या शहराचा वारसा आहे.

मुलांच्या हातून

आमची आणखी एक इच्छा आहे. हे काम बाहेरच्या माणसाला न देता नववी ते अकरावीच्या मुला-मुलींच्या गटांकडून, शिक्षकांच्या देखरेखीखाली करून घ्यावे. वीज बंद करून प्लग काढायचा, डब्याच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवायची, धूळ मऊ ब्रशने झाडायची, अडीच इंची एसएसडी साडेतीन इंची जागेत बसवण्यासाठी पट्टी लावायची, माहितीची आणि विजेची अशा दोन वायरी जोडायच्या, बायॉसमध्ये एएचसीआय पर्याय आहे का ते बघायचे आणि प्रणाली नव्याने टाकायची. मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेलही त्याच वेळी बदलावा. अकरा वर्षांनंतर बऱ्याच यंत्रांची घड्याळे मागे पडतात ती त्याच्यामुळे. नंतरची पथ्येही मुलांनी लिहून लावावीत. एसएसडी डीफ्रॅगमेंट करायची नाही आणि तिची साधारण पाचवा हिस्सा जागा मोकळी ठेवायची.

ज्या मुलीने एकदा स्वतःच्या हाताने संगणक उघडून दुरुस्त केला, तिला पुढे कोणताही दुकानदार ‘सगळे बदला’ म्हणून घाबरवू शकणार नाही. एवढे शिक्षण कोणत्याही नव्या यंत्राबरोबर खोक्यात येत नाही.

आमचा प्रस्ताव

विश्वस्त मंडळापुढे आम्ही पुढील पाच गोष्टी ठेवत आहोत.

१. संगणक निधीचा निर्णय तपासणी पूर्ण होईपर्यंत स्थगित ठेवावा.

२. सर्व २४ यंत्रांची तपासणी करून प्रत्येकाचा एक कागद तयार करावा आणि तो सूचनाफलकावर लावावा. आपले यंत्र का हळू आहे, हे मुलांनाही कळावे.

३. उन्हाळ्याच्या सुट्टीत आधी चार यंत्रांत एसएसडी, ८ जीबी रॅम आणि लिनक्स ही व्यवस्था करावी. शाळा उघडल्यावर एक महिना वापरून, वेळ मोजून, मगच बाकीच्यांचे काम हाती घ्यावे.

४. ऑफिससाठी दोन नवे संगणक घ्यावेत आणि रोजच्या बॅकअपची जबाबदारी एका व्यक्तीकडे नावानिशी द्यावी.

५. यातून ज्या तासिका मोकळ्या होतील, त्यांपैकी प्रत्येक वर्गाच्या किमान सहा तासिका मराठी टंकलेखनासाठी लेखी राखून ठेवाव्यात.

पाचवा मुद्दा शेवटी आला असला, तरी आमच्या लेखी तो पहिला आहे. यंत्राचा वेग वाढला आणि वाचलेली मिनिटे गप्पांत गेली, तर एसएसडीवरचा खर्चही वायाच जाईल.

पालकांनी आपले मत, अनुकूल असो वा प्रतिकूल, मुलांच्या डायरीत लिहून वर्गशिक्षकांकडे पाठवावे. मंडळाच्या येत्या बैठकीत ती सर्व मते जशीच्या तशी वाचून दाखवली जातील. ज्या माजी विद्यार्थ्यांना या विषयाची माहिती आहे, त्यांनी एखाद्या शनिवारी दोन तास देऊन तपासणीत हातभार लावावा, ही विनंती. स्क्रू-ड्रायव्हर शाळेकडे आहेत आणि चहाची व्यवस्था आम्ही करू.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य